कोणते रंग राखायचे?

संगणकाच्या पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल तीन आकड्यांनी लिहिला जातो: लाल, हिरवा, निळा. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधला. त्यांच्या मेळातून १,६७,७७,२१६ रंग तयार होऊ शकतात. आज साध्या मोबाइलमधल्या फोटोलाही ही मुभा असते. १९७० आणि १९८०च्या दशकांत मात्र मेमरी महाग होती. ६४० बाय ४८० पिक्सेलच्या एका चित्राला पुऱ्या रंगांसाठी ९,२१,६०० बाइट लागत. यावर तोडगा निघाला तो असा, की निवडक २५६ रंगांचा तक्ता करायचा आणि प्रत्येक पिक्सेलपाशी फक्त तक्त्यातला क्रमांक लिहायचा. चित्र ३,०७,२०० बाइटांत बसते, तक्त्याला आणखी ७६८ पुरतात. १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह कंपनीने आणलेला जिफ हा चित्रफाइलचा प्रकार याच तत्त्वावर उभा आहे.

पण चित्रातल्या हजारो छटांमधून हे २५६ निवडायचे कसे?

सर्वांत आधी सुचते ती बहुमताची रीत: जे रंग जास्त वेळा आले ते घ्यायचे, बाकीचे जवळच्या रंगात ढकलायचे. समुद्रावरच्या संध्याकाळचा फोटो घ्या. आभाळाच्या एकमेकींना खेटून असलेल्या शेकडो छटाच तक्ता भरून टाकतात आणि होडीवरचे इवलेसे लाल निशाण मातकट होऊन जाते. चित्राचा जीव ज्यात होता, तेच आधी बळी पडते.

पॉल हेकबर्ट यांनी १९८२ साली सिग्राफ परिषदेत मांडलेल्या निबंधात याला पर्याय दिला. लाल, हिरवा, निळा या तीन अक्षांच्या अवकाशात चित्रातले सगळे रंग मांडायचे आणि त्यांना घट्ट बसणारी पेटी आखायची. पेटीची सर्वांत लांब बाजू शोधून ती अशा ठिकाणी कापायची, की दोन्हीकडे सारखेच पिक्सेल येतील. पेट्या २५६ होईपर्यंत हेच करत राहायचे आणि प्रत्येक पेटीची सरासरी तक्त्यात लिहायची. काप मध्यकावर, म्हणजे मीडियनवर पडतो, म्हणून या पद्धतीचे नाव ‘मीडियन कट’. इथे रंगांच्या विस्तारालाही मान मिळतो. तरी काप संख्येवरच ठरत असल्याने विरळ रंग सरासरीत बुडण्याचा धोका उरतोच. पुढे १९९१ मध्ये शिआओलिन वू यांनी पेटीतले रंग सरासरीपासून किती विखुरले आहेत, हे मोजून काप ठरवण्याची रीत दिली.

निवड कितीही नेमकी झाली तरी चूक उरते. आभाळाच्या सलग उतरत्या छटांचे पट्टे पडतात. या उरलेल्या चुकीचे काय करायचे, याचे सुंदर उत्तर रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांच्या १९७६ मधल्या निबंधात आहे. समजा, फक्त काळा (०) आणि पांढरा (२५५) उपलब्ध आहे आणि पिक्सेलचे मूल्य १०० आहे. जवळचा म्हणून काळा निवडला, तर १०० इतका उजेड हरवला. तो टाकून द्यायचा नाही. त्याचे १६ भाग करून ७ उजव्या शेजाऱ्याला, ३ खालच्या डावीकडच्याला, ५ थेट खालच्याला आणि १ खालच्या उजवीकडच्याला द्यायचा. म्हणजे अनुक्रमे ४३.७५, १८.७५, ३१.२५ आणि ६.२५. बेरीज पुन्हा १००. शेजारचे पिक्सेल त्यामुळे पांढऱ्याकडे झुकतात आणि थोड्या अंतरावरून डोळ्याला करडी छटा दिसते. या तंत्राला डिदरिंग म्हणतात. त्याची किंमतही आहे: विखुरलेल्या ठिपक्यांमुळे सलग सारखे रंग तुटतात आणि अशी पुनरावृत्ती दाबून साठवणाऱ्या जिफची फाइल फुगते.

आता मेमरी स्वस्त आहे, तरी हा विषय जुना झालेला नाही. वेबसाइट लवकर उघडावी म्हणून पीएनजी चित्रे आजही २५६ रंगांवर आणली जातात. ई-शाईच्या पडद्यांवर मोजक्याच छटा असल्याने तिथे डिदरिंगशिवाय फोटो नीट उमटत नाही.

म्हणून रंग कमी करण्याकडे निव्वळ काटकसर म्हणून पाहू नये. प्रत्येक पद्धतीत काय महत्त्वाचे, याचा एक निवाडा दडलेला असतो. बहुमत गर्दीला झुकते माप देते, मीडियन कट विस्ताराची दखल घेते, फ्लॉइड-स्टाइनबर्ग हरवलेल्याची भरपाई करते. यांतली कोणती हवी हे चित्र पाहूनच ठरवावे लागते. ते ठरवणाऱ्याला निशाण आधी दिसले पाहिजे.