दोघांचा वाडा, सर्वांची बाग



सांगा पाहू, दोन माणसांना राहायला किती खोल्या लागतात? दोन? फार तर चार? अमेरिकेत समुद्रकाठी नवराबायकोचा एक वाडा होता. त्याला होत्या ४२ खोल्या! भोवती जमीन सुमारे २३० एकर. आपल्याकडे पाच एकरवाल्यालाही आपण बागाईतदार म्हणतो, हो की नाही?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर कनेटिकट नावाचे राज्य आहे. तेथे वॉटरफर्ड या गावी १९०६ साली हा वाडा बांधला गेला. पुढच्याच वर्षी तो एडवर्ड हार्कनेस आणि त्यांच्या पत्नी मेरी यांनी घेतला. एडवर्ड यांच्या वडिलांनी खनिज तेलाच्या धंद्यात पैसा घातला होता. त्यातून घरात अफाट संपत्ती आली. हे दोघे इथे फक्त उन्हाळ्यात येत.

वाड्याचे नाव 'इओलिया'. ग्रीक लोकांच्या जुन्या गोष्टींत इओलस हा वाऱ्यांचा राखणदार आहे. त्याच्या बेटाचे हे नाव. समुद्रावरचा वारा खाणाऱ्या घराला ते शोभते. तिथल्या फुलबागा बिएट्रिक्स फॅरँड या बाईंनी आखल्या. त्या काळी असे काम करणाऱ्या स्त्रिया फार थोड्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, श्रीमंतांचा वाडा, आपल्याला त्याचे काय? थांबा, खरी गोष्ट पुढेच आहे.

तेव्हा पोलिओवर लस नव्हती. ती १९५५ साली आली. पोलिओ झाला की कित्येक मुलांचे पाय लुळे पडत. मेरीबाई अशा मुलांना उन्हाळ्यात आपल्या जागेत राहायला बोलावीत. म्हणजे ज्यांना धड चालता येत नव्हते, त्यांच्यासाठी हे फाटक आधी उघडले, बरं का!

एडवर्ड १९४० साली वारले, मेरीबाई १९५० साली. त्यांना मूलबाळ नव्हते. ही मालमत्ता त्यांनी राज्याला देऊन टाकली. १९५२ साली तिथे सार्वजनिक उद्यान झाले. आज तिथे लोक हिरवळीवर डबा खातात, पतंग उडवतात, गळ टाकून मासे धरतात. समुद्रात पोहायला मात्र बंदी आहे. शेजारचा भाग अपंगांच्या शिबिरासाठी राखलेला आहे.

पण दान मिळाले म्हणजे काम संपले असे नाही. काही वर्षांनी वाडा आणि बागा जीर्ण झाल्या. १९९० नंतर त्यांची डागडुजी झाली. आजही बागेच्या कामाला लोक स्वखुशीने हातभार लावतात.

मित्रांनो, आपला देश २०१४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला. घरोघरी डोस पोचला म्हणून हे घडले. बागेचेही तसेच आहे. जे सर्वांचे, ते सर्वांनी जपायचे. आपल्या शाळेपुढची झाडेसुद्धा सर्वांचीच आहेत. उद्या पाणी घालायची पाळी कोणाची, ते फळ्यावर बघा!