पाच राक्षस आणि एक सहमती

डिसेंबर १९४२. बॉम्बफेकीच्या जखमा लंडनच्या अंगावर अजून ताज्या होत्या. अशा दिवसांत तेथील माणसे सरकारी प्रकाशनांच्या दुकानासमोर रांग लावून उभी राहिली. विकत काय घ्यायचे होते? तर सामाजिक विम्यावरचा, आकडेमोडीने भरलेला एक रुक्ष अहवाल! सर विल्यम बेव्हरिज यांच्या या अहवालाच्या लाखो प्रती खपल्या. दारिद्र्य, रोग, अज्ञान, बकाली आणि बेकारी या पाच राक्षसांशी लढण्याची ती हाक होती.

लोक इतके आतुर का झाले होते? १९३०च्या दशकातली मंदी ते विसरले नव्हते. तेव्हा बेकारभत्ता मागणाऱ्याच्या घरी अधिकारी येई, साऱ्या कुटुंबाची मिळकत मोजी. मुलगा कमावता असला की बापाचा भत्ता कापला जाई. उपासमारीइतकीच ही मानहानी सलत होती. बेव्हरिज म्हणाले, सर्वांनी सारखी वर्गणी भरावी आणि अडचणीच्या वेळी सर्वांना सारखा लाभ मिळावा. म्हणजे मदत ही भीक न राहता हक्क होईल.

१९४५च्या निवडणुकीत युद्ध जिंकून देणारे चर्चिल हरले. ॲटलींच्या मजूर पक्षाने ३९३ जागा जिंकल्या. १९४६ साली राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन तेराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेले. त्यांच्या ट्रेडेगर गावात कामगार पगारातून वर्गणी काढून आपली वैद्यकीय सोसायटी चालवत. तोच प्रयोग त्यांनी देशभर नेला.

हे सारे गोडीगुलाबीने मात्र झाले नाही. हुजूर पक्षाने विधेयकाविरुद्ध मतदान केले. फेब्रुवारी १९४८मध्ये डॉक्टरांच्या संघटनेने घेतलेल्या कौलात दहातल्या नऊ जणांनी विरोध नोंदवला. खासगी व्यवसायाची मुभा देऊन बेव्हननी तज्ज्ञ डॉक्टरांना वळवले. पुढे खुद्द मजूर सरकारनेच चष्मे व कवळ्यांना शुल्क लावले, तेव्हा १९५१ साली त्यांनी राजीनामा दिला.

खरी सहमती दिसली ती त्यानंतर. त्याच वर्षी चर्चिल परतले, पण ही घडी त्यांनी मोडली नाही. उलट वर्षाला ३ लाख घरांचे आश्वासन त्यांच्या मंत्र्याने, मॅकमिलन यांनी, १९५३ साली पुरे केले. दोन पक्षांचे अर्थमंत्री बटलर आणि गेट्स्केल यांची नावे जोडून ‘इकॉनॉमिस्ट’ने १९५४ साली ‘बट्स्केलिझम’ हा शब्द घडवला.

या कथेचा धागा आपल्याकडेही येतो. बेव्हरिज यांचा जन्म बंगालमधल्या रंगपूरचा. दिल्लीत डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यातूनच १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. पुढे ब्रिटनच्या त्या इस्पितळांचा भार भारतातून गेलेल्या डॉक्टरांनीही उचलला.

१९७०च्या दशकातली महागाई, १९७६चे नाणेनिधीचे कर्ज आणि १९७९ साली आलेल्या थॅचरबाई यांनी ती सहमती मोडली. नगरपालिकांची घरे विकली गेली, सरकारी उद्योग खासगी झाले. आरोग्य सेवा मात्र टिकली. आज तिथे उपचारांसाठी ताटकळावे लागते, तरी दारात पैसे मागितले जात नाहीत. ती टिकण्याचे एक मोठे कारण म्हणजे खाणकामगार आणि बँकेचा मॅनेजर एकाच दवाखान्यात बसतात. केवळ गरिबांसाठी काढलेल्या सोयीला कोणी वाली उरत नाही. आपल्या सरकारी रुग्णालयांच्या व्हरांड्यातून जाताना ही गोष्ट हमखास आठवते.