कमी खर्चात गाडीचा आवाज सुधारताना

गाडीसोबत येणाऱ्या स्वस्त स्पीकरचा पडदा बहुधा कागदी आणि चुंबक लहान असतो. आवाज वाढवला की तो फाटतो. नवा स्पीकर घेताना खोक्यावर ठळक छापलेल्या कमाल वॅटना भुलू नये. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकतो त्या शक्तीचा. साध्या स्टिरिओतून दर चॅनलला जेमतेम 15 ते 20 वॅट मिळतात. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा नसेल, तर सेन्सिटिव्हिटी पाहावी: ती 3 डेसिबलने जास्त असली की तेवढ्याच आवाजाला निम्मी शक्ती पुरते. 90 डेसिबलच्या वरचा स्पीकर उत्तम. बजेट बेताचे असल्यास पुढच्या दारांतली जोडीच आधी बदलावी.

बसवण्यापूर्वी दारातली खोली मोजावी. खाली आलेली काच चुंबकाला घासता कामा नये. मूळ वायर न कापता कपलर वापरावा. एका दारात धन-ऋण टोके उलटी जोडली गेली, तर गाणे वाजते, पण बास हरवतो. शंका आल्यास 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर लावावा: धनाला धन जुळले की पडदा बाहेर सरकतो. उरलेले पैसे मागच्या स्पीकरांपेक्षा दाराच्या डॅम्पिंग शीटवर घालावेत. पत्र्याची थरथर थांबली की साधा स्पीकरही भरदार वाजतो.