पाण्यावरील यतना

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर तापोळा आणि बामणोली येथे जलविहाराची सोय फार दिवसांपासून आहे. जावळी तालुक्यातील मुनावळे येथे २०२४ मध्ये शासनाचे जलपर्यटन केंद्र सुरू झाले आणि सुट्टीत तिकडे जाणाऱ्या तरुणांना जेट स्कीचे आकर्षण वाटू लागले. हे वाहन दिसते दुचाकीसारखे. म्हणून ते दुचाकीसारखेच चालेल, असा समज होतो. तो समज घातक आहे.

या नौकेला बाहेर पंखा नसतो आणि बहुधा सुकाणूही नसते. यंत्र तळाच्या जाळीतून पाणी आत ओढते व मागील तोटीतून वेगाने बाहेर फेकते. हँडल वळवले की तोटी वळते आणि त्या झोताच्या बळावर नौका दिशा बदलते. झोत मंदावला की वळण्याची शक्तीही क्षीण होते. समोर दुसरी नौका दिसताच घाबरलेला चालक हँडल वळवतो खरा, पण त्याच क्षणी वेगाची कळ, म्हणजे थ्रॉटल, सोडून देतो. मग नौका न वळता सरळ पुढे घसरत जाते. यास्तव वेग आधीच कमी करावा, अंतर आधीच राखावे आणि वळताना थ्रॉटल थोडा दाबलेला ठेवावा.

बसण्यापूर्वी जीवरक्षक जाकीट घट्ट बांधावे. सुरक्षादोरी मनगटाला किंवा जाकिटाला अडकवावी. चालक पडला की ती निसटते आणि इंजिन थांबते. तळाच्या जाळीत ओढणी, केस वा दोरी अडकू शकते. ती इंजिन बंद केल्याखेरीज काढू नये. पाण्यातून पुन्हा वर चढतानाही इंजिन बंदच हवे, कारण मागील झोताने शरीरास गंभीर इजा होते. उन्हाळ्यात जलाशय उतरला की बुडालेले खडक व खोडे पृष्ठभागाजवळ येतात. तेव्हा काठाजवळ वेग नको.

नौकेवर लिहिलेल्या संख्येपेक्षा एकही माणूस अधिक बसवू नये, मूल लहान असले तरीही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे महापुरातून सुटकेसाठी निघालेली नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. ती नाव वेगळ्या प्रकारची होती, प्रसंगही संकटाचा होता; तरी तिच्यात क्षमतेहून अधिक माणसे होती, हे विसरता येत नाही. सहलीत तर तशी निकडही नसते.

ईर्यासमिती पाऊल टाकण्यापूर्वी भूमी पाहण्यास सांगते. पाऊल पडल्यानंतरची दया उशिराची असते. झोतावर चालणाऱ्या नौकेत तर धोका दिसल्यावर हात आखडणेही पुरेसे नाही. यतना आधीपासूनच असावी लागते. मच्छीमारांच्या जाळ्यांजवळून, पाखरांच्या थव्यांतून केवळ मौजेखातर नौका उधळणे हा अनर्थदंडच होय.

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या आपल्या घरांना उजेडाचे बंधन नवे नाही. जेट स्कीही दिवस मावळण्यापूर्वीच काठाला लावावी.