डोंगराला बांधलेली भातखाचरे

तुमच्यापैकी पुष्कळांनी उतारावर भात लावला असेल. ताल घातल्याशिवाय तिथे पाणी ठरत नाही, हे मी तुम्हाला काय सांगावे? पण सबंध डोंगरच खाचरांनी भरलेला पाहिला आहे काय? आम्ही नवराबायकोने तो पाहिला.

आपल्या पूर्वेला समुद्रापलीकडे फिलिपाईन्स हा देश आहे. हजारो बेटांचा देश. माणसे आपल्यासारखीच भात खाणारी. आमचा मुलगा तिथे मनिला शहरात नोकरीला आहे, म्हणून जाणे झाले. मनिलाहून रात्री मोटारीत बसलो ते सकाळी बनावे या गावी उतरलो. तिथून आणखी पुढे बाताड. शेवटची वाट पायी. माझे गुडघे कुरकुरत होते, पण ही पुढे. तिचे माहेर जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगरात.

एका वळणावर ती थांबली. "अहो, हा तर जिना!"

डोंगर सुपासारखा आत वळलेला. तळापासून वर पायऱ्याच पायऱ्या. एक पायरी म्हणजे एक खाचर. बांध दगडाचे, काही माणसाहून उंच. चुना नाही, सिमेंट नाही. तळाशी मोठे दगड, मागे बारीक खडी, वर चिकणमाती आणि मग पिकाची माती. अरुंद खाचरात नांगर कसा फिरणार? लाकडी फावड्यानेच चिखल करायचा, ही इथली जुनी रीत.

ही खाचरे इफुगाव लोकांनी केली. ती 2000 वर्षांची आहेत, असे पूर्वी सांगत. अलीकडे संशोधकांनी खणून पाहिले. बरीचशी खाचरे सुमारे 400 वर्षांपूर्वीची असावीत, असे ते म्हणतात. तरी काय थोडे झाले?

हिने वाटाड्याला विचारले, "एवढ्या उंचावर पाणी कुठून येतं?" त्याने माथ्याकडे बोट केले. वर दाट झाडी होती. तिला ते मुयोंग म्हणतात. घराघराचे मुयोंग असते आणि ते घर त्याची राखण करते. पाऊस झाडीत मुरतो, झऱ्यांनी बाहेर पडतो, पाटाने वरच्या खाचरात येतो. तिथून खालच्या खाचरात, मग त्याच्या खालच्या. म्हणजे वरच्याने पाणी अडवले तर खालचा उपाशी. वरच्याचा बांध फुटला तर तो खालच्याच्या पिकावर. म्हणून कामे एकमेकांच्या हातांनी होतात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. याला ते उब्बु म्हणतात.

"ही तर आमची पडकई!" ही म्हणाली. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात लोक मिळून खाचरे पाडतात, तिला पडकई म्हणतात.

आणखी एक रीत तिला फार आवडली. घरची मुख्य खाचरे थोरल्या अपत्याला जातात, मग तो मुलगा असो की मुलगी. मला म्हणाली, "ऐकलंत ना?" ती भावंडांत थोरली आहे!

परंतु सगळेच हिरवे नव्हते. एके ठिकाणी बांध ढासळून माती खाली आली होती. आत गवत माजले होते. वाटाड्या म्हणाला, मुले शहरात गेली, घरात म्हातारी माणसेच उरली. जुन्या जातीचे भात वर्षातून एकदाच पिकते, त्यावर घर चालत नाही. आता खाचर कोरडे पडले की माती तडकते, आणि मोठ्या पावसात बांध जातो. म्हणून कापणीनंतरही खाचरात पाणी ठेवायचे असते. पण त्याला घरी माणूस हवे. शिवाय 1980 नंतर खाण्यासाठी म्हणून परदेशी गोगलगाय आणली, ती कोवळी रोपे फस्त करू लागली.

1995 साली युनेस्को या जागतिक संस्थेने ही खाचरे साऱ्या जगाचा ठेवा म्हणून नोंदली. 2001 साली तिनेच ती धोक्यात असल्याचे जाहीर केले. लोकांनी व सरकारने दुरुस्ती केली, तेव्हा 2012 साली तो शेरा निघाला. बांध मात्र अजून दरसाल बांधावे लागतात.

परतताना ही गप्प होती. मनिलाला पोचल्यावर तिने आधी माहेरी फोन लावला. तिच्या भावाच्या वरच्या खाचराची ताल दोन पावसाळे पडून होती. "मृगाच्या आत चार माणसं बोलाव," ती म्हणाली, "मी येते भाकऱ्या करायला."