मधुमेह नियंत्रणात अंगावर धारण करावयाच्या शर्करामापकाची उपयुक्तता : वीर (ता. महाड) परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी व्यक्तींना मधुमेह आहे. हा स्थूल, शहरी माणसाचा रोग होय, ही समजूत मात्र अद्याप टिकून आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के होता. वीरच्या भातशेतीत राबणाऱ्या सडपातळ शेतकऱ्यानेही म्हणूनच निर्धास्त राहू नये.

यंत्राचे स्वरूप व कार्य :

दंडाच्या मागे चिकटविलेल्या लहानशा चकतीचा बारीक तंतू त्वचेखाली राहतो. त्यावरील विकराची शर्करेशी अभिक्रिया होऊन सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो व त्यावरून शर्करेचे प्रमाण कळते. हे मापन रक्ताचे नसून पेशींभोवतालच्या द्रवाचे असल्याने ते रक्तशर्करेच्या ५ ते १५ मिनिटे मागे असते. दर १५ मिनिटांस एक नोंद धरली, तरी चौदा दिवसांत १३४४ नोंदी मिळतात. उपाशीपोटी एक व जेवणानंतर एक, अशा दोन तपासण्यांशी याची तुलनाच होऊ शकत नाही.

स्थानिक आहार व जीवनक्रम :

दोन्ही वेळा भात, शिवाय तांदळाची भाकरी, हा या भागातील परिचित आहार होय. भातानंतर तासाभरात शर्करा झपाट्याने चढते. दोन तासांनी केलेल्या तपासणीत हा चढ निसटू शकतो. तोच भात कमी घेऊन आधी उसळ किंवा मासळी खाल्ल्यास चढ सौम्य होतो, हे रुग्णाला आलेखावर स्वतः पाहता येते. डॉक्टरांनी दिलेल्या पथ्याच्या छापील कागदाने हे साधत नाही.

याहून गंभीर प्रश्न रात्रीचा आहे. मुले मुंबईस चाकरीला, गावी वृद्ध आईवडील, हे कोकणातील नित्याचे चित्र. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन रात्री कमी जेवल्यास पहाटे शर्करा धोकादायक खाली जाऊ शकते, आणि सकाळच्या तपासणीत तिचा मागमूसही राहत नाही. काही यंत्रे अशा वेळी सूचना देतात. मोबाइलला संपर्क असल्यास ती मुंबईतील मुलासही पोहोचते. तीन महिन्यांची सरासरी दर्शविणाऱ्या एचबीएवनसी तपासणीतही हे चढउतार लपतात. शिवाय लोहन्यूनतेच्या पांडुरोगात ती फसवी वाढ दाखवू शकते.

२०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार सर्वसाधारण रुग्णाची शर्करा ७० टक्क्यांहून अधिक काळ ७० ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर असावी. वृद्धांसाठी मात्र ५० टक्के काळ पुरेसा मानला असून ७० च्या खालील काळ १ टक्क्याहून कमी असावा, असा आग्रह आहे. अर्थात वृद्धांत घसरण टाळणे हेच प्रधान.

मर्यादा :

चौदा दिवसांच्या एका चकतीस काही हजार रुपये पडतात. घामाने व पावसाळी दमटपणाने ती सुटते. त्या कुशीवर झोपल्यास दाबामुळे खोटी घसरणही दिसते. शंका आल्यास बोटातील रक्ताची तपासणी करावीच. दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्यांना तिचा अखंड वापर आवश्यक ठरतो. केवळ गोळ्यांवरील रुग्णाने औषध बदलताना वैद्यकीय सल्ल्याने एखादी चकती लावणे पुरेसे वाटते. त्या काळात जेवण, गोळी व श्रम यांची वेळ वहीत लिहावी. गणपतीचे दिवस मात्र त्यासाठी निवडू नयेत. मोदकांचा आलेख वर्षभराच्या आहाराविषयी फारसे सांगत नाही.