टायफॉइडचे चिवट जंतू

कर्जत-खालापूरकडे पावसाळ्यात ताप रेंगाळला की लगेच टायफॉइडच्या गोळ्या सुरू होतात. मी सांगेन, आधी डॉक्टरांना विचारून रक्ताची कल्चर तपासणी करा. नुसत्या विडालवर विसंबू नका. १९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉल या तापावर रामबाण होते. १९७२ मध्ये केरळात, कोझिकोडच्या साथीत, जंतूंनी त्याला दाद दिली नाही. पुढे आलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनलाही आज भारतातले बहुतेक टायफॉइड-जंतू जुमानत नाहीत. कारण साधे आहे. औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच वीण वाढते. विनाकारण घेतलेली गोळी त्यांना रान मोकळे करून देते. म्हणून ताप येण्याआधीच त्याला अडवावे. शेजारच्या नवी मुंबईत महापालिकेने २०१८ मध्ये लाखभर मुलांना टायफॉइडची लस टोचली. लशीला उकळलेल्या पाण्याची आणि धुतलेल्या हातांची जोड हवीच.